बोलके यंत्र आणि लोकांचे आरोग्य



व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय सुचविला तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही डॉक्टर नव्हे आणि संगणकाचे जाणकारही नव्हे. सफाई कामगार, अंगणवाडीच्या सेविका आणि आशाताई यांच्या संघटनेचे काम करण्यात आमची तीस वर्षे गेली, आणि जे काही वाचन झाले ते संघटनेच्या कचेरीत व नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. पण चालक म्हणाले, "यंत्राची थोरवी सांगणारे पुष्कळ मिळतात. त्या यंत्राचे उत्तर घेऊन ज्यांना लोकांच्या दारात उभे राहावे लागते, त्यांच्याकडचे कोणी बोलत नाही." हे म्हणणे आम्हांला नाकारता आले नाही, म्हणून आज आपल्यापुढे उभे आहोत.

गेल्या पावसाळ्यातल्या एका लहानशा गोष्टीपासून आरंभ करतो. आमच्या कामाच्या टापूतील एका वस्तीत जुलाबाची साथ सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी हिरव्या कागदावर छापलेली पत्रके घरोघर पडली. पूर्वी असे पत्रक निघायला पंधरवडा लागे. कोणीतरी मजकूर लिही, तो वरिष्ठांकडे जाई, तांबड्या शाईच्या खुणा घेऊन परत येई, आणि छापून हाती पडेपर्यंत साथ बहुधा ओसरलेली असे. या खेपेस मजकूर यंत्राने तासाभरात लिहून दिला, असे ते काम करणाऱ्या तरुणाने आम्हांला अभिमानाने सांगितले. अभिमान बाळगावा असेच ते होते. पत्रकात चूक म्हणून काढायला जागा नव्हती. हात धुवा, पाणी उकळून प्या, जलसंजीवनी द्या, सगळे बरोबर. फक्त पहिल्याच ओळीत 'पिण्याच्या पाण्याची सुरक्षितता सुनिश्चित करावी' असे होते. वस्तीतल्या एका आजीबाईने तो कागद आमच्यापुढे धरला आणि विचारले, "भाऊ, ही पाणीपट्टीची नोटीस आहे का?"

त्या वस्तीला नळाचे पाणी रात्री दोन वाजता येते आणि पाऊण तासात जाते. गॅसची टाकी महिना पुरवायची म्हणजे बाया दोन वेळचा स्वयंपाक एकदाच उरकतात. तेथे पाणी उकळणार कोण? तिथल्या आशाताईला हे ठाऊक होते. तिने मेडिक्लोरच्या बाटल्या आणल्या, घरात शिरून हंड्यात स्वतःच्या हाताने थेंब टाकून दाखविले, आणि ज्या सहा घरांत रोगी होते ती घरे त्याच हिरव्या पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर मांडली. सहाही घरे एका ओळीत निघाली. ओळीच्या टोकाला नळाची लाइन गटार ओलांडून जाते. तेथे उकरल्यावर जोड गळत असलेला सापडला. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीने माणसे मरत होती तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनीही मेलेल्यांची घरे मोजून एका पंपाकडे बोट दाखविले होते. आमच्या ताईने स्नोचे नावही ऐकलेले नाही.

यात यंत्राचा दोष काढायचा म्हटला तर काढता येत नाही. विचारले तेवढे त्याने सांगितले. गटाराशेजारची ती नळी कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती, आणि यंत्राचे सारे ज्ञान लिहिलेल्यातून येते. हा मुद्दा आमच्या मते कळीचा आहे, म्हणून त्याचा थोडा उलगडा करतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' लोकांसाठी खुले झाले, आणि तेव्हापासून हे बोलके यंत्र घरोघर माहीत झाले. त्याला अफाट मजकूर वाचावयास दिलेला असतो. एका शब्दानंतर दुसरा कोणता येण्याचा संभव अधिक, हे त्यातून त्याने शिकून घेतलेले असते, आणि त्या अंदाजाने ते वाक्यामागून वाक्य रचीत जाते. क्ष-किरणाच्या फोटोवर क्षयाची खूण ओळखणारी यंत्रे आहेत, त्यांची जात निराळी. आज आपण केवळ या लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या यंत्राविषयी बोलत आहोत. जे पुष्कळ लिहिले गेले आहे त्याविषयी ते छान बोलते. जे थोडे लिहिले गेले त्याविषयी ते तितकेच छान बोलते, पण चुकते. ऐकणाराला दोहोंतला फरक आवाजावरून कळत नाही. मनुष्य अडखळतो, कपाळाला आठ्या घालतो, "मला नक्की ठाऊक नाही हो" म्हणतो. हे यंत्र क्वचितच अडखळते.

आणि मराठीत, त्यातही खेड्यापाड्यांच्या मराठीत, दुखण्याविषयी लिहिलेले आहे तरी किती? आमच्याकडे तान्ह्या मुलाच्या न्युमोनियाला जुनी माणसे 'डबा' म्हणतात. डोंगराकडच्या एका पाड्यावरची आशाताई आम्हांला तिचा अनुभव सांगत होती. महिन्याभराचे बाळ, रात्री साडेअकराची वेळ, उपकेंद्राला कुलूप. तिने मोबाईल तोंडाशी धरून विचारले, "बाळाला डबा झालाय, काय करू?" यंत्राने बाळाच्या जेवणाचा डबा गरम पाण्याने कसा धुवावा आणि कसा कोरडा ठेवावा ते सविस्तर सांगितले. बैठकीत ताई हे सांगताना हसत होती आणि बाकीच्या बायाही हसल्या. त्या रात्री मात्र ती हसली नव्हती.

गोष्ट येथे संपली असती तर आम्ही यंत्राची टर उडवून मोकळे झालो असतो. पण तिने पुन्हा विचारले. या खेपेस म्हणाली, "एक महिन्याचं बाळ, श्वास मिनिटाला साठाच्या वर, छातीखाली खड्डा पडतो, दूध ओढत नाही." त्याबरोबर यंत्राने अचूक सांगितले, की हे धोक्याचे लक्षण आहे, क्षणभरही न थांबता दवाखान्यात न्या. तोवर तिने १०८ ला फोन लावलेला होता. यंत्राने तिचा धीर वाढविला, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. रात्री साडेअकराला धीर देणारे दुसरे कोणीही तिच्यापाशी नव्हते.

आता विचार करा, ती तीन लक्षणे तिला कोणी शिकविली? त्याचा इतिहास आपल्याच महाराष्ट्रातला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने एकोणचाळीस गावांतल्या बायांना नवजात बाळाची घरी जाऊन तपासणी व देखभाल शिकविली. त्या गावांतले नवजात बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत बासष्ट टक्क्यांनी घटले, आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या साप्ताहिकात ते प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून देशभरच्या आशांच्या कामात ही घरभेट आली. त्याआधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी अक्षरओळख नसलेल्या बायांतून गावोगाव आरोग्यसेविका घडविल्या. तेव्हा बरोबर प्रश्न विचारण्याची जी अक्कल त्या रात्री कामाला आली, ती पन्नास वर्षांच्या शिकवणुकीतून आलेली होती. यंत्र आले, आता प्रशिक्षणाचे दिवस कमी करा, असे कोणी म्हणू लागले तर त्याला या महिन्याच्या बाळाची हकीकत सांगावी.

या बाबतीत राजस्थानात उदयपूरकडे एक प्रयोग झाला तो आम्हांला विचार करण्याजोगा वाटतो. 'खुशी बेबी' नावाची संस्था आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीची बंगळूरची संशोधनशाळा यांनी मिळून आशांसाठी व्हॉट्सअॅपवर 'आशाबॉट' म्हणून एक उत्तर देणारे यंत्र बसविले, आणि त्याची पाहणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. त्यात योजना अशी, की यंत्राला सरकारी पुस्तिकांचा आधार दिलेला असतो, आणि उत्तर त्यात सापडले नाही तर ते मनाने रचून सांगत नाही. तो प्रश्न आरोग्यसेविकांकडे, म्हणजे नर्सबाईंकडे जातो. त्यांची उत्तरे आली आणि जुळली, की मग विचारणारीला उत्तर पोचते. आम्हांला यातली 'मला ठाऊक नाही, विचारून सांगतो' ही चाल फार आवडली.

त्या पाहणीत दोन गोष्टी निघाल्या. एक अशी की आशा यंत्राला असे प्रश्न विचारू लागल्या जे त्या वरच्या बाईंना विचारायला कचरत. काही प्रश्न अगदी प्राथमिक होते, काही लाजेचे. "एवढेही येत नाही का?" हे शब्द ज्याने एकदा ऐकले आहेत त्याला याचा अर्थ सांगावा लागणार नाही. आम्ही सातवीतून शाळा सोडली. पहिल्या वाटाघाटीच्या वेळी 'प्रॉव्हिडंट फंड' म्हणजे काय हे कोणाला विचारावे, या लाजेने आम्ही एक आठवडा घालविला होता. तेव्हा लाज न वाटता विचारायला जागा मिळणे हा या यंत्राचा खरा गुण आहे, आणि तो आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. दुसरी गोष्ट अशी की आशा त्या उत्तरांवर पूर्ण विश्वास टाकू लागल्या, आणि नर्सबाईंना काळजी पडली, की उत्तरे देण्याचे हे काम आपल्या दिवसाच्या कोणत्या तासात बसवायचे, आणि उत्तर चुकले तर जाब कोणाला. ही काळजी आम्हांला त्या पाहणीतला सर्वांत मोलाचा भाग वाटते. कारण यंत्राला ज्ञान पुरविणारे हात येथेही माणसांचेच निघाले.

लाजेच्या प्रश्नांवरून आम्हांला रघुनाथ धोंडो कर्वे यांची आठवण होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्या पायी प्राध्यापकी सोडली. १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक बहुतेक एकट्याच्या बळावर चालविले. जे प्रश्न लोक बायकोपाशीही काढीत नसत ते प्रश्न वाचक त्यांना पत्राने विचारीत आणि ते मासिकात उत्तरे छापीत. तीही एका परीने आजच्या मोबाईलसारखीच सोय होती. विचारणाराचे तोंड कोणाला दिसत नसे. पण उत्तराखाली कर्व्यांचे नाव असे. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला आणि कर्व्यांनी दंड भरला. मासिक पुढे चालू राहिले आणि उत्तरेही चालू राहिली.

याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवू. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये 'सारा' नावाची बोलकी बाई पडद्यावर आणली. आठ भाषांत ती बोलत असे. मराठी त्यांत नव्हती. धूम्रपान कसे सोडावे, मनावरचा ताण कसा हलका करावा, असे ती गोड आवाजात सांगे. आणि त्याच पानावर खाली संघटनेने लिहून ठेवले होते, की हिची उत्तरे नेहमी बरोबर असतीलच असे नाही, आणि ती जे बोलेल त्याची जबाबदारी आमच्यावर नाही. याच संघटनेने तीन महिने आधी, जानेवारी २०२४ मध्ये, अशा यंत्रांविषयी सरकारांना व कंपन्यांना चाळीसहून अधिक शिफारशी केलेल्या होत्या, आणि माणसे यंत्रावर फाजील विश्वास ठेवतील ही भीतीही त्यांत घातली होती. आम्ही संघटनेला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्यांनी निदान प्रांजळपणे लिहिले. पण नाव घालून उत्तर देणारे आणि दंड भरणारे कर्वे, आणि नाव काढून घेणारी ही पाटी, यांत काय बदलले ते श्रोत्यांनीच पाहावे.

कामगार चळवळीतल्या माणसाने अमेरिकेतली एक हकीकत सांगितल्याशिवाय बसू नये. तेथे खाण्यासंबंधीच्या मनोविकारांनी पछाडलेल्यांसाठी काम करणारी एक राष्ट्रीय संस्था आहे. मुली अन्न सोडतात, खंगत जातात, प्रसंगी मरतात, असा तो विकार. या संस्थेचा मदतीचा टेलिफोन वीस वर्षांहून अधिक काळ चालू होता. तेथील मोजक्या पगारी नोकरांनी मार्च २०२३ मध्ये मतदान करून युनियन केली. थोड्याच दिवसांत त्यांना कळविण्यात आले, की टेलिफोन बंद होणार, तुमची गरज नाही, आणि लोकांसाठी 'टेसा' नावाचे बोलणारे यंत्र राहील. संस्थेचे म्हणणे, की हा बदल युनियनमुळे नाही, कामाचा बोजा आणि कायद्याची जोखीम वाढल्यामुळे आहे. ते खरे-खोटे करायला आम्ही तेथे नव्हतो. पण मेअखेरीस लोकांच्या ध्यानात आले, की या विकाराच्या रोग्यांनाच टेसा वजन कसे घटवावे आणि रोजच्या खाण्यातून किती कॅलरी कमी कराव्यात याचा सल्ला देत आहे. यंत्र घाईघाईने बंद करावे लागले. मूळ यंत्र संशोधकांनी ठरीव उत्तरांचे बनविले होते. ते चालविणाऱ्या कंपनीने मागाहून त्यात ही नवी स्वतः वाक्ये रचणारी बुद्धी घातली होती. सर्वसाधारण माणसाला तो सल्ला कदाचित चालला असता. टेलिफोनवर बसलेल्या बाईला पलीकडचा श्वास ऐकून कळले असते, की हा प्रश्न कोण विचारीत आहे.

आता शिक्षणाकडे वळू. सार्वजनिक आरोग्याची पदवी घेणारी एक विद्यार्थिनी सफाई कामगारांच्या पाहणीसाठी आमच्या कचेरीत आली. मुलगी हुशार आणि नम्र. तिची प्रश्नावली यंत्राने केलेली होती आणि दिसायला देखणी होती. त्यातला एक प्रश्न असा: 'कामाचा ताण दूर करण्यासाठी आपण कोणते छंद जोपासता?' आमचा एक जुना मुकादम म्हणाला, "लिहा, झोप." आम्ही तिला सांगितले, प्रश्नावली ठेवा आणि पहाटे साडेपाचला हजेरीच्या चौकीवर या. ती आली, आणि पुढे सलग तीन दिवस आली. चौथ्या दिवशी तिने प्रश्न नव्याने लिहिले. न्याहारीपूर्वी हात धुवायला पाणी कोठे मिळते? हातमोजे तुमच्या मापाचे आहेत का? कचऱ्यात इंजेक्शनची सुई टोचली तर त्या दिवशी तुम्ही कोणाला सांगता? शेवटच्या प्रश्नावर चौकीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

नंतरची गोष्ट यंत्राच्या बाजूची आहे. बायांनी आपापल्या बोलीत दिलेली शे-सव्वाशे उत्तरे तिने यंत्राकडून एका रात्रीत लावून घेतली आणि सकाळी एकेक पडताळून पाहिली. पूर्वी यात दोन महिने गेले असते. आमच्या कचेरीतही आम्ही एक इंग्रजी परिपत्रक असेच मराठीत करवून घेतले. एका कामाचा मोबदला आपल्याला लागू आहे आणि तो मिळत नाही, हे आशांना त्यावरून प्रथमच कळले. साहेबांच्या टेबलावर ते मराठी कागद ठेवले तेव्हा साहेब म्हणाले, "हे तुम्हांला कोणी समजावून दिलं?" तेव्हा यंत्राचे वैर आम्हांला परवडण्यासारखे नाही, आणि आमची तशी इच्छाही नाही.

आमचे म्हणणे निराळे आहे. २००५ साली आशांची योजना सुरू झाली. आज देशात त्या दहा लाखांच्या आसपास आहेत. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पण कागदोपत्री त्या अजून स्वयंसेविका आहेत, पगारी नोकर नाहीत. जिला नोकरही म्हणत नाहीत तिच्या हाती उद्या हे यंत्र येईल, बरेच ठिकाणी आलेही आहे. यंत्राचे ऐकून तिने सांगितले आणि रोगी दगावला, तर नातेवाईक कोणाची गचांडी धरतील? कंपनीचे कार्यालय त्यांच्या गावात नाही. ताईचे घर आहे. आणि यंत्राचे न ऐकता तिने स्वतःच्या अनुभवाने निर्णय घेतला आणि तो चुकला, तर 'मोबाईलमध्ये स्पष्ट लिहिले होते' असे तिलाच दाखविले जाईल. दोन्हीकडून दोर तिच्याच गळ्यात. म्हणून आम्ही वरिष्ठांकडे अर्ज केला आहे, की अशा प्रत्येक यंत्राच्या उत्तरामागे एका वैद्यकीय अधिकाऱ्याचे नाव असावे, यंत्र शिकण्याचा आणि त्याला शिकविण्याचा वेळ कामाचा वेळ धरावा, आणि आमच्या बोलीत तपासल्याशिवाय ते बायांच्या हाती देऊ नये. अर्जाची पोच मिळाली आहे. उत्तर अजून नाही.

मधल्या काळात बायांनी स्वस्थ न बसता एक काम काढले आहे. 'डब्या'ची ती हकीकत झाल्यापासून दर बैठकीला एक दोनशेपानी वही फिरते. दुखण्याचे जे जे शब्द लोक बोलतात ते तीत उतरवायचे आणि पुढे सरळ अर्थ लिहायचा. 'अंगावरून जाणे' आहे, 'अंग बाहेर येणे' आहे, मुरडा, धाप, मुडदूस, गालफुगी आहे. नर्सबाई शेवटी तपासून सही करतात. तो त्यांचा आग्रह आहे, आमचा नव्हे. गेल्या रविवारी 'पोटात गोळा उठणे' हा शब्द निघाला. तीन ताईंनी तीन अर्थ सांगितले. एकीच्या गावी तो वायगोळा, दुसरीच्या गावी पाळीचे दुखणे, आणि तिसरीने सांगितले, की आमच्याकडे सासुरवाशीण जेव्हा खरे दुखणे बोलू शकत नाही तेव्हा हे म्हणते. दिवे लागेपर्यंत वाद चालला. नर्सबाईंनी सही केली नाही. ते पान तूर्त कोरे ठेवले आहे, आणि पुढची बैठक येत्या रविवारी आहे.